उदगीर जिल्हा आणि दहा सेकंद

अण्णा, तुमचं मशीन काल सुरू केलं.

वहिनीच म्हणाल्या, बघ बाई त्यात काय हाय काय न्हाई, मला तर त्याचं बटणबी ठाऊक न्हाई. टेबलावर तसंच होतं, वहिनींच्या जुन्या इरकलीचं कव्हर घातलेलं. कव्हर काढलं, बटण दाबलं, पंखा घरघरला आणि काळ्या पडद्यावर यादी आली. पहिली ओळ, रोजचं काम. दुसरी, जुनं विंडोज. तिसरी, उदगीर जिल्हा. आणि खाली तुमचे ते दहा सेकंद, एकेक करून कमी होणारे.

सवयीनं मी चिडले. दुकानात रोज चिडायची तशीच. म्हटलं, आता तरी हे दहा सेकंद कमी करू द्या की. आणि "थांब जरा, कुठं तुझी गाडी चुकून राहिली?" असं बाजूनं कुणी म्हणालं नाही. तुम्ही गेल्यावर, जलदान विधीला मी पांढरी साडी नेसून शेवटच्या रांगेत बसले होते, त्रिशरण म्हटलं, फुलं वाहिली, पाहुण्यांची ताटं उचलली. रडले नव्हते. काल त्या यादीसमोर मात्र आवरलं नाही.

तुमच्याशी एक बोलायचं राहिलंय, अण्णा. त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात जी चूक तुमच्या नावाला चिकटली, ती माझी होती. तुम्हाला ते माहीत होतं. तुम्हाला माहीत आहे हे मलाही आतून माहीत होतं. फक्त वहिनींना माहीत नव्हतं, आणि त्याची सगळ्यात जास्त झळ त्यांनीच सोसली. काल मी रडत होते तेव्हा त्या माझ्या मागे दारात उभ्या होत्या.

पण आधी पहिल्यापासून सांगते. तुम्हाला नाही, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. मला स्वतःला एकदा सरळ ओळीनं सांगायचंय.

लोह्याहून मी लातूरला तुमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आले तेव्हा मला स्वतःबद्दल लई भ्रम होता. सहा महिन्यांचा कोर्स झालेला, प्रमाणपत्र प्लास्टिकमध्ये घालून आणलेलं. तुम्ही ते बघितलंही नाही. विचारलंत, बटण दाबल्यावर पहिल्यांदा काय होतं? मी म्हटलं, विंडोज येतं. तुम्ही शांतपणे एका मशीनमधली डिस्क काढलीत, हातात धरलीत आणि म्हणालात, आता दाब. दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला आणि इंग्रजीत एक ओळ आली, की सुरू करण्यासारखं काही सापडलं नाही.

"मग ही ओळ कुणी लिहिली? डिस्क तर माझ्या हातात हाय."

मला राग आला. पहिल्याच दिवशी कुणी असं तोंडावर पाडतं का? मग तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि समजावलंत. माझ्यानंतर दुकानात जो कुणी शिकायला आला त्याला मी ते तुमच्याच शब्दांत सांगितलंय. मशीनच्या बोर्डाला स्वतःची इवलीशी आठवण असते. तिच्यात एक यादी असते, आधी कुठं बघायचं, नंतर कुठं. बोर्ड त्या क्रमानं जातो आणि जिथं ठरलेल्या जागी ठरलेली फाइल सापडेल तिच्या हाती कारभार देतो. ती फाइल म्हणजे सुरुवात करून देणारा एक छोटा प्रोग्रॅम. तो आपली दुसरी यादी पुढं ठेवतो. ह्या मशीनवर काय काय सुरू करता येईल, तुला कुठलं पाहिजे?

मी विचारलं, त्याला कसं कळतं काय काय आहे ते? तुम्ही खूश झालात. हा प्रश्न विचारणारी मी पहिलीच, असं म्हणालात, आणि मी आजपर्यंत ते खरं धरून चालले आहे. तुम्ही म्हणालात, तो सगळीकडे धुंडाळत बसत नाही. यादी बनवताना डिस्कच्या एकेका भागात डोकावतो, ठराविक जागी ठराविक खूण दिसली तर नाव लिहून घेतो. खूण नसेल तर तिथं सगळं धडधाकट असलं तरी त्याच्या लेखी तो भाग रिकामा. आणि यादी बनली की बनली. उद्या कुणी ती डिस्कच काढून नेली तरी नाव तसंच दिसत राहतं. निवडल्यावर कळतं की तिथं कुणी नाही.

"म्हणून यादीवर भरोसा ठेवायचा न्हाई," तुम्ही म्हणालात. "निवडून बघायचं."

हेच एक वाक्य मी धरून ठेवलं असतं तर आज हे लिहावं लागलं नसतं.

त्याच दिवशी तुम्ही तो शाळेतल्या नकाशाचा किस्सा सांगितला होता. लातूर जिल्हा झाला तेव्हा तुम्ही शाळेत होता. पेढे वाटले, प्रभातफेरी निघाली, पण वर्गातल्या भिंतीवरचा नकाशा जुनाच. त्यात लातूर अजून उस्मानाबाद जिल्ह्यातच. परीक्षेत गुरुजींनी विचारलं, आपला जिल्हा कोणता, आणि तुम्ही नकाशा बघून उस्मानाबाद लिहिलं. छडी खाल्लीत. मग गुरुजींनी स्वतःच नकाशावर कागदाची पट्टी डकवली आणि शाईनं लातूर लिहिलं. ती पट्टी उन्हाळ्यात सुकून पडायची, तुम्ही मुलं पुन्हा खळ लावून डकवायची. हा किस्सा मी तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की त्या खळीचा वाससुद्धा मला माहीत आहे.

तुमची ती खोड तिथूनच आली असणार. त्या छोट्या प्रोग्रॅमला जे सापडतं त्याची नावं इंग्रजीत, लांबलचक, आकड्यांची. ती बघून गिऱ्हाईक घाबरतं. म्हणून तुम्ही प्रत्येक मशीनवर यादीतल्या ओळी हातानं लिहायचात. दवाखान्यातल्या मशीनवर "रोजचं काम" आणि "बिघडलं तर हे". मंगल कार्यालयाच्या मशीनवर "पत्रिका" आणि "हिशेब". आणि जिथं अडीअडचणीला म्हणून दुसरी यंत्रणा स्वतः घालून ठेवलेली असेल, त्या ओळीचं नाव ठरलेलं. उदगीर जिल्हा. तुम्ही उदगीरकडचे. तिकडं जिल्हा होणार, होणार, म्हणून माणसं म्हातारी झाली. "सरकारच्या यादीत होईल तवा होईल," तुम्ही म्हणायचात, "माझ्या यादीत झालेला हाय." देगलूरचा कुणी आला की तो म्हणायचा, मग आम्हालाबी घ्या की त्या जिल्ह्यात. तुम्ही त्याला गंभीरपणे अर्ज करायला सांगायचात.

मग तो उन्हाळा आला. लातुरात नळ म्हणजे भिंतीला लावलेलं लोखंड झालं होतं. पाणी रेल्वेनं यायचं, आणि आपण मशीनची धूळ पुसायला ओलं फडकं वापरणं बंद केलं होतं. वहिनी अंगणवाडीतून आल्या की घागरी घेऊन रांगेत. मी दुकानाची दोन कॅन भरून आणायची, त्यातलं एक संध्याकाळी गुपचूप वहिनींकडे जायचं. तुम्हाला वाटायचं मी दोन कॅन पाणी पिते.

तेव्हाच आपल्याला तालुक्याच्या त्या कचेरीचं काम मिळालं. नाव घेत नाही, नाव घेऊन काय करायचं. टँकरच्या चिठ्ठ्या मशीनवर निघायच्या. कुठला टँकर, कुठलं गाव, कितवी खेप. छापील चिठ्ठी दाखवल्याशिवाय विहिरीवर टँकर भरू द्यायचा नाही असा हुकूम, कारण हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर टँकर भलतीकडेच जायचे. कचेरीत ते काम बघायला मोठे बाबू होते, जाड चष्म्याचे, मशीनला हात लावायच्या आधी हात पुसून घेणारे. तुम्ही त्या मशीनमध्ये एक जुनी छोटी डिस्क जास्तीची बसवलीत. तिच्यावर तोच प्रोग्रॅम, त्याच गावांची यादी, सगळं तयार. मुख्य यंत्रणा बंद पडली तर खालचा बाण दाबायचा, दुसरी ओळ निवडायची, काम चालू. ती दुसरी ओळ म्हणजे अर्थातच उदगीर जिल्हा.

मला तुम्ही हे सांगितलं होतं का? मी लई आठवून बघितलं. बहुतेक सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं.

त्या आठवड्यात तुम्ही आईला दवाखान्यात दाखवायला गावी गेला होता आणि कचेरीत मी एकटीच गेले होते. मशीन सुरू केलं तेव्हा नेमके एक साहेब मागे येऊन उभे राहिले. पाहणीला आलेले. यादी आली, तुमचे दहा सेकंद चालू झाले, आणि साहेबांनी मोठ्यानं वाचलं, उदगीर जिल्हा. मला म्हणाले, मॅडम, हा कधी झाला? आम्हाला तर आदेश मिळाला नाही. सगळी कचेरी हसली. त्या खोलीत बाई मी एकटी. खाली मान घालून मी दहा सेकंद मोजले. एवढे लांब सेकंद मी आयुष्यात मोजले नव्हते.

साहेब गेल्यावर मी यादीतल्या ओळींची फाइल उघडली. दुकानातल्या आपल्या मशीनवरही ही ओळ होती, आणि तिथं ती निवडली की काहीच उघडायचं नाही, कारण ती डिस्क तुम्ही कधीच काढून दुसरीकडे लावली होती. नुसतं नाव उरलं होतं. मला वाटलं, इथंही तेच. तुमची गंमत. माझं डोकं तापलं होतं. उदगीर जिल्ह्याच्या ओळी काढून टाकल्या आणि थांबायचा वेळ शून्य केला, म्हणजे यादी दिसायलाच नको. निवडून बघायला एक मिनिट लागलं असतं, अण्णा. एक मिनिट. मी बघितलं नाही.

तुम्ही परत आल्यावर सांगणार होते. भांडणारच होते खरं तर, माझा सगळ्यांसमोर तमाशा केला म्हणून. पण तुमची आई बरी नव्हती, तुमचा चेहरा उतरलेला होता, म्हटलं, नंतर भांडू.

आठेक दिवसांनी तुम्ही पुन्हा गावी गेलात आणि नेमकी सकाळी कचेरीतली लाइट गेली, आली, पुन्हा गेली. मशीन चालू असतानाच झटका बसला. पुन्हा सुरू केलं तर अर्ध्यातच अडकायचं. बाबूंनी तुम्हाला फोन लावला. तुम्ही बिनघोर म्हणालात, फिकीर करू नका, खालचा बाण दाबा आणि उदगीर जिल्हा निवडा. बाबू म्हणाले, कसली यादी? यादी येतच नाही. मग तुम्ही दुकानात मला फोन केलात, तू जवळ आहेस, तू पोच, मी निघालोच. मी जीपनं गेले. तुम्ही मलाही फोनवर त्या ओळीचं नाव सांगितलंत तेव्हाच मला कळलं होतं मी काय काढून टाकलंय ते.

कचेरीसमोर टँकर उभे होते, कडेला, ओळीनं. ड्रायव्हर टायरच्या सावलीला बसलेले. गावोगावचे फोन येत होते आणि बाबू प्रत्येकाला तेच सांगत होते, निघतोय, आता निघतोय. मी मशीनसमोर बसले. बटण धरून ठेवून यादी वर आणली, पण तिच्यात एकच ओळ, मोडलेल्या यंत्रणेची. बाकीचं मी पुसलं होतं आणि त्याची प्रत ठेवली नव्हती. हातानं सुरुवात कशी करून द्यायची ते मला येत नव्हतं. मी नुसती बटणं दाबत राहिले. दुपार कलली तेव्हा तुम्ही आलात, चपला धुळीनं पांढऱ्या झालेल्या. मी उठले. तुम्ही पडद्याकडे बघितलंत. मग एकदा माझ्याकडे बघितलंत.

फाइल उघडायचा पासवर्ड आपल्या दोघांनाच ठाऊक होता.

तुम्ही खुर्ची ओढलीत. बसलात, यादीतून बाहेर पडून त्या प्रोग्रॅमच्या कोऱ्या ओळीवर गेलात आणि दोन बोटांनी टाइप करायला लागलात. कुठली डिस्क, तिचा कुठला भाग, तिथली कुठली फाइल, सगळं तोंडपाठ. यादीत नाव नव्हतं पण डिस्क तर जागच्या जागी होती. शेवटचं बटण दाबलं आणि टँकरचा प्रोग्रॅम उघडला, गावांच्या नावांसकट. प्रिंटर कुरकुरला. पहिली चिठ्ठी घेऊन ड्रायव्हर पळाला.

मग बाबूंनी विचारलं, हे झालं कसं? सगळे ऐकत होते.

"मी यादी नव्यानं बनवली, तवा ती ओळ राहून गेली," तुम्ही म्हणालात. "माझी चूक हाय."

मी तुमच्यापासून दोन हातांवर उभी होते. तोंड उघडायचं होतं. उघडलं नाही. नोकरी जाईल असं वाटलं. पुन्हा त्याच माणसांसमोर खाली मान घालावी लागेल असंही वाटलं. कुठली भीती मोठी होती ते आज सांगता येत नाही.

काम गेलं. एका कचेरीतून गेलं की बाकीच्यांना कळायला वेळ लागत नाही. वर्षभरात दुकान उठवून आपण नांदेडला आलो. माझं माहेर जवळ आलं, माझं बरंच झालं. वहिनींनी अंगणवाडी सोडली. पोरं निरोपाला रस्त्यापर्यंत आली होती, वहिनींनी ते मला किती वेळा सांगितलंय. नांदेडला त्यांनी डबे करायला घेतले, आणि पोळ्या लाटता लाटता त्या तुम्हाला बोलायच्या. ह्यांच्या एका हलगर्जीपणापायी माझी पोरं सुटली. तुम्ही ऐकून घ्यायचात. मी तिथंच असायची, वहिनींच्या हातची गरम पोळी खात. वहिनी मला म्हणायच्या, तू सांग गं ह्यांना, काम कसं नीट करायचं असतं ते. आणि मी खाली बघून खायची. ते आठवलं की आजही घास उतरत नाही.

आपण भांडलो ते फक्त त्या दहा सेकंदांवरून. नांदेडच्या गिऱ्हाइकाला घाई. मी सगळीकडे शून्य करायची, तुम्ही मागून येऊन दहा करायचात. मी म्हणायची, अण्णा, लोक मशीन कामाला घेतात, यादी वाचायला नाही. तुम्ही म्हणायचात, माणसाला वाटलं दुसरं काही निवडावं, तर त्याला तेवढा वेळ असू दे की. मी म्हणायची, रोज तेच तर निवडायचंय. तुम्ही म्हणायचात, रोज तेच निवडायचं असतंय, एक दिवस नसतंय. हे वर्षानुवर्षं. हिमायतनगरच्या त्या शाळेत तर आपण हेडमास्तरांसमोर भांडलो आणि त्यांनी मध्ये पडून पाच करायला लावले.

देगलूरला गेलो होतो ते आठवतं? चहाच्या गाड्यावर, तिथं निम्मी माणसं तेलुगूत बोलत होती आणि तुम्ही मोडक्या कानडीत उत्तरं देऊन त्यांना हसवत होता. मग माझ्याकडे वळलात. बशीत चहा ओतत मला विचारलंत, संगीता, तुला कधी काही बोलायचं न्हाई का माझ्याशी? मला कळलं होतं, अण्णा. तुम्ही काय विचारताय ते चांगलं कळलं होतं. मी म्हटलं, हाव, बोलायचं हाय ना, ते दहा सेकंद कधी कमी करणार? तुम्ही इतके हसलात की चहा शर्टावर सांडला. तो डाग वहिनींनी मलाच दाखवला होता, बघ, लहान लेकरासारखे सांडतेत म्हणून.

जलदान विधीला बाबू आले होते. आता निवृत्त आहेत, लातूरहून एसटीनं आले, काठी टेकत. श्रद्धांजलीला उभे राहिले. म्हणाले, माणूस कसा असावा तर असा. चूक झाली तर सगळ्या कचेरीसमोर छातीवर हात ठेवून म्हणाला, माझी आहे. त्या टँकरच्या उन्हाळ्यात मी डोळ्यांनी बघितलंय. लोकांनी माना हलवल्या. वहिनी पुढच्या रांगेत होत्या, त्यांनी मान हलवली नाही, पदर तोंडाला लावला. मी सतरंजीचा एक दोरा बोटाला गुंडाळत होते. माझ्या बाजूच्या बाईनं विचारलं, तुम्हाला बोलायचंय का, तुम्ही तर त्यांच्यासोबत होता. मी नाही म्हटलं.

म्हणून काल, यादीत ती तिसरी ओळ दिसल्यावर, मी डोळे पुसले आणि ह्या वेळी आधी निवडून बघितलं. उघडली, अण्णा. तीच छोटी डिस्क. कचेरीतून काढून आणलेली, तुम्ही घरच्या मशीनमध्ये बसवून ठेवलेली. तोच प्रोग्रॅम, तीच गावं, खेपांचे रकाने तयार. जणू कुणी आत्ता चिठ्ठी मागायला येणार आहे. मग मी ते बंद करून पहिली ओळ, रोजचं काम, सुरू केली आणि तुमची ती हातानं लिहिलेल्या ओळींची फाइल उघडली. मशीन जी ओळ वाचत नाही तिच्यात माणूस माणसासाठी लिहून ठेवतो, हेही तुम्हीच शिकवलेलं. उदगीर जिल्ह्याच्या वर अशी एक ओळ होती.

"संगीता बोलेल तेव्हा बोलू. तोवर ही ओळ काढायची नाही."

एवढंच. ना तारीख, ना काही. मी ती किती वेळ वाचत होते कुणास ठाऊक. मला तुमचा राग आला, खरं सांगते. एकदा तरी सरळ विचारायचं होतंत. एकदा तरी मला झापायचं होतंत. मी कसली बोलते? मी तर निवांत गरम पोळ्या खात होते.

मागून वहिनी म्हणाल्या, काय लिवलंय तिथं? वहिनींना वाचता येतं, पण चष्मा नव्हता. मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, कशाबद्दल बोलायचं होतं तुला? मी खुर्ची वळवली आणि सांगितलं. साहेब हसले तिथपासून, मी काय काढलं, तुम्ही माझ्याकडे कसं बघितलंत, तुम्ही काय म्हणालात आणि मी काय म्हणाले नाही. सगळं. माझं संपल्यावर त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"म्हंजी मी त्यांना उगंच बोलत होते का गं?"

त्यांनी तुमच्या फोटोकडे बघितलं नाही. स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला लई वेळ दिला त्यांनी. मला कुणीच न्हाई दिला. ते असते तर दोन शब्द माघारी घेतले असते मी."

अण्णा, तुमच्या चांगुलपणात ही एक गफलत आहे. तुम्ही मला जपलंत आणि वहिनींच्या तोंडी खोटा राग ठेवून गेलात. ह्यावरून मला तुमच्याशी भांडायचं होतं, आणि आता भांडायला तुम्ही नाहीत. माझ्यावरचे तुमचे उपकार मोजायचे म्हटलं तर मला ते जमणार नाही. पण ही एक गोष्ट चुकली. माझ्यामुळे चुकली, तरी चुकली.

मग वहिनी उठल्या आणि म्हणाल्या, ती ओळ मला दाव. मी मशीन पुन्हा सुरू केलं. यादी आली. त्यांनी चष्मा लावून वाकून वाचलं, उदगीर जिल्हा, आणि क्षणभर त्यांच्या ओठांत हसू आलं, तुमच्यावर चिडून हसायच्या तसंच. मग खाली बघितलं. हे आकडे कशाला पळून राहिलेत? मी म्हटलं, निवडायला वेळ दिलाय. आणि संपले की? संपले की पहिली ओळ आपोआप सुरू होते, रोजच्यासारखी. थांबवता येतं का? येतं, म्हटलं, कुठलाही बाण दाबा.

वहिनींनी बोट टेकवलं. आकडे पुसले गेले, यादी तशीच राहिली.

"बाबूंना फोन लाव," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर लाव."

मी फोन काढला, नंबर त्यांनीच वाचून सांगितला. लई वेळ घंटी वाजली. पलीकडून बाबूंचा आवाज आला, कोण बोलतंय? मी वहिनींकडे बघितलं, मग त्या काळ्या पडद्याकडे. आणि म्हटलं, "बाबू, मी संगीता. टँकरच्या उन्हाळ्यातली ती ओळ अण्णांनी न्हाई, मी काढली होती."